अर्ध्या गाडीचं चेंबर

३ तारीख, मंगळवार

कॉलेज सोडलं. दादा सगळ्यांना सांगत सुटलाय की काढून टाकलं, ते खोटं आहे. वर्कशॉपचे सर अख्ख्या वर्गासमोर म्हणाले, "तुझ्यासारख्यांनी पंक्चरं काढावीत." मी म्हटलं, "तुम्हाला तीही जमणार नाहीत," आणि पाना टेबलावर आपटून निघालो. टेबलावर काच होती हा माझा दोष नाही. माफीचं पत्र दिलं तर परत घेऊ, असा निरोप आलाय. देत नाही.

ही वही प्रयोगांची. लिहिलेली पानं फाडून टाकली. उरलेली माझी.

आज आईला सांगितलं. आडून आडून बोलणं मला जमत नाही. ती इस्त्री करत होती. म्हटलं, "आई, मला मिस्त्रीकाकांच्या मुलीशी लग्न करायचंय." इस्त्री दादाच्या शर्टावर तशीच राहिली. वास सुटला, धूर निघाला, शेवटी मीच उचलली. मग ती अगदी हळू म्हणाली, "त्या माणसाची मुलगी हा उंबरा चढली, की मी उतरले म्हणून समज."

दादाला शर्टाचं दुःख जास्त झालं.

४ तारीख, बुधवार

डोकं थंड करून, क्रमाने लिहितो.

अकरा वर्षांपूर्वी, मी नऊ वर्षांचा असताना, बाबा गेले. त्यांची एक जुनी मोटार होती. त्यांच्यापेक्षाही जुनी, लांब नाकाची, डोळे बाहेर आल्यासारखे दिवे, पुढून हँडल मारून चालू होणारी. शहराबाहेर रेल्वेचे रूळ ओलांडताना ती मध्येच बंद पडली. नाक रुळांपलीकडे गेलेलं, सीट बरोबर रुळांवर. मालगाडीने मागचं सगळं नेलं. पुढचं अर्धं, म्हणजे बॉनेट, इंजिन, दोन चाकं आणि स्टिअरिंग, बाजूच्या खड्ड्यात फेकलं गेलं. ते अर्धं आईने घरी आणवलं. कशाला, हे तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही. तेव्हापासून ते घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. आता रस्ता रुंद होणार, शेड पडणार. दादाने भंगारवाल्याला अठ्ठावीस तारीख दिलीय.

गाडीचं इंजिन मिस्त्रीकाकांनी त्याआधी आठवडाभरच उघडून पुन्हा बांधलं होतं. ते बाबांचे शाळेपासूनचे मित्र. त्या दिवशी रुळांजवळ जमलेल्या सगळ्या लोकांसमोर ते आईला म्हणाले, "वहिनी, चूक माझी. चेंबरचं पॅकिंग नीट बसलं नाही. ऑइल गळून गेलं, इंजिन जाम झालं." त्यानंतर त्यांच्याकडे कुणी गाडी नेली नाही. आता ते पाण्याचे पंप आणि शिलाई मशीनच्या मोटारी दुरुस्त करतात.

मला त्यांचं ते बोलणं कधीच पटलं नाही. त्यांना काम करताना मी लहानपणी पाहिलंय. बोल्ट पुसून, ओळीने मांडून, मोजून लावायचे. एकदा एक वॉशर कमी भरला तर दुपारचं जेवण सोडून जमिनीवर रांगत शोधला. हा माणूस पॅकिंग चुकवेल? जिवाभावाचा मित्र गेला, माणूस भांबावला, आणि सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. झालं असणार एवढंच.

आणि हे दाखवता येतं! चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं ऑइलचं भांडं. ते काढलं की आतली बेअरिंगं, म्हणजे फिरत्या दांड्याला धरणाऱ्या धातूच्या वाट्या, दिसतात. ऑइल संपून इंजिन जाम झालं असेल तर ती जळून काळी पडलेली असणार आणि त्यांचा चुरा चेंबरात सापडणार. नसेल, तर काका निर्दोष. काका निर्दोष, तर आई कुठल्या तोंडाने नाही म्हणेल?

इतकं सोपं. अकरा वर्षांत कुणालाच कसं सुचलं नाही?

५ तारीख, गुरुवार

तिचं नाव इथे लिहीत नाही, आईच्या हाती वही लागायला नको. काका तिला लहानपणी दोनसुती म्हणायचे. मिस्त्री लोकांत इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. पाव इंची बोल्ट तो दोनसुती. बारीक, पण सहसा तुटत नाही. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधते आणि म्हणते, "मूठ मिटा."

जिन्यात गाठून सगळं सांगितलं.

"आणि जळालेली निघाली तर?" ती म्हणाली.

"निघणारच नाहीत."

"निघाली तर?"

"तर पळून जाऊ."

"म्हणजे काहीही निघालं तरी तुझंच खरं. मग उघडतोस कशाला?" मग हसणं थांबवून म्हणाली, "हे बघ, बाबा स्वतः म्हणतात की चूक झाली. मी लहानपणापासून तेच ऐकत आलेय. मला त्याचं आता काही वाटत नाही. चुकतो माणूस."

"मला वाटतं," मी म्हटलं.

तिने हातमोजा काढून माझ्या गालाला हात लावला. हाताला स्पिरिटचा वास. घरी येईपर्यंत मी तो गाल पुसला नाही.

७ तारीख, शनिवार

ताडपत्री काढली. खाली उंदरांनी संसार थाटला होता, त्यांना घर बदलायला लावलं. गाडी जॅकवर उचलून चेसिसखाली लोखंडी घोड्या लावल्या. मागचं काहीच नसल्यामुळे तोल पुढे जातो, म्हणून गिअरबॉक्सखाली लाकडाचे ठोकळे. हलवून बघितलं. हलत नाही म्हटल्यावर मगच खाली शिरलो. उतावळा असलो तरी मूर्ख नाही.

हँडल घालून इंजिन फिरवायचा प्रयत्न केला. ढिम्म. दादा शेडच्या दारात उभा होता, म्हणाला, "जाम आहे ना? मिळालं उत्तर? जा, अंघोळ कर, इंजिनिअरसाहेब." अकरा वर्षं पडून राहिलेलं कुठलंही इंजिन गंजून जाम होणारच, हे त्या शहाण्याला कोण सांगणार. स्पार्क प्लग काढून चारही भोकांत रॉकेल आणि ऑइल मिसळून ओतलं. मुरायला आठ-दहा दिवस लागतील.

मग चेंबरखाली डबा ठेवून खालचा प्लग सोडला. वाटलं होतं दोन थेंब पडतील. आधी पाण्याची चूळ आली, आणि मग ऑइल! काळं, जाड, हळूहळू, थांबायचं नावच घेईना. पाच लिटरचा डबा भरत आला.

ऑइल होतं. गळलंच नव्हतं!

मी गाडीखाली पडल्या पडल्या ओरडलो. डोकं चेसिसच्या आडव्या क्रॉस मेंबरला आपटलं, टेंगूळ आलंय, त्याचंही काही वाटलं नाही. लगेच तिला कळवलं, "डबाभर ऑइल निघालं! काका खोटं बोलले!" तिने वाचलं. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. शनिवारी लॅबमध्ये गर्दी असते.

आई स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. डबा हलवून दाखवणार होतो, तर तिने खिडकी लावून घेतली.

९ तारीख, सोमवार

काका आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा आमच्या आवारात. आई बाहेर गेलेली बघूनच आले असावेत. केस पार पांढरे झालेत. ताडपत्री नाही हे बघून दारातच थांबले, चपला काढल्या. शेडमध्ये कुणी चपला काढतं का?

"मुलीनं सांगितलं," म्हणाले. "बाळा, हे बंद कर."

"का?"

"जुनं लोखंड आहे. अंगावर येईल."

"घोड्या लावल्यात. तुम्हीच शिकवलंत."

ते ऑइलच्या डब्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "काका, ऑइल गळलं नव्हतं. तुम्ही का कबूल केलंत?"

"गळलं होतं."

"मग हे काय, सरबत आहे?"

"तुला त्यातलं कळत नाही. अर्धं गळलं तरी पंप ओढत नाही." त्यांनी हात जोडले. "तुझ्या पाया पडतो. अठ्ठावीसला भंगारात जातंय ना? जाऊ दे ना रे तसंच."

माझं डोकं सटकलं. ज्या माणसासाठी मी नखं फोडून घेतोय तोच पाया पडतोय! म्हटलं, "तुम्ही भित्रे आहात. शिव्या खायची सवय लागलीय तुम्हाला." ते चपला हातात घेऊनच बाहेर गेले.

आता एकच विचार छळतोय. खरंच चूक केली असेल तर? उघडायला इतकं का घाबरतात?

१२ तारीख, गुरुवार

चेंबरला बावीस बोल्ट. आज अकरा सुटले. आधी तारेच्या ब्रशने घासायचे, रॉकेल सोडायचं, वाट बघायची, मग पाना. सगळ्यात वाईट पुढचे चार, क्रॉस मेंबरच्या वर लपलेले. तिथे पाना अर्धा फेरासुद्धा घेत नाही, उताणं पडून बोटांनी चाचपत काम. एकाचा माथा गोल झाला. रागाने हातोडा हाणला तो माझ्याच बोटांवर. सालटी निघाली. बाबांचं घड्याळ वाचलं. हे त्यांनी मला, ते गेले त्याच दिवशी सकाळी दिलं होतं, हातातलं काढून. "मोठा झालास ना, ठेव," म्हणाले होते. मनगटात दोनदा फिरायचं. नऊ वर्षांच्या पोराला कोण देतं स्वतःचं घड्याळ? एवढा जीव होता त्यांचा. दादाला त्या दिवशी पेन मिळालं, ते त्याने हरवलं.

दोनसुती अजून भेटलेली नाही. "कामात आहे," इतकंच.

१५ तारीख, रविवार

दादा गाडीखाली डोकावून म्हणाला, "कॉलेजमध्ये सुटले नाहीत ते बोल्ट इथे सोडतोयस?" मी म्हटलं, "तू तुझ्या ऑफिसात कागद सरकव." तो गेला नाही. उकिडवा बसला आणि म्हणाला, "आईला तू काय दाखवणारेस?"

"खरं काय ते."

"तिला नको असेल तर?"

"खरं कुणाला नको असतं?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की बाहेर येऊन एक ठेवून द्यावीशी वाटली. पण अंगावर गंजाचा चुरा पडला होता, डोळे उघडत नव्हते. उघडले तेव्हा तो गेला होता.

पुढच्या रविवारी, बावीस तारखेला, आईला आणि दादाला शेडमध्ये बोलवायचं ठरवलंय. सगळ्यांसमोर.

१८ तारीख, बुधवार

फिरलं! हँडलवर सगळं अंग टाकलं, काहीतरी 'कट्' झालं आणि इंजिन बोटभर हललं. मग दोन बोटं. मग पूर्ण फेरा. गंज फक्त वर होता, सिलिंडरांमध्ये. खाली सगळं लोण्यासारखं. जळालेलं इंजिन असं फिरत नाही. काकांवर घेतलेल्या संशयाची लाज वाटतेय. चेंबर निघालं की त्यांची माफी मागणार.

२० तारीख, शुक्रवार

निघालं.

क्रँकचे, म्हणजे त्या फिरत्या दांड्याचे, बाक वर घेतले की चेंबरला खाली यायला जागा होते, म्हणून आधी हँडलने ते जुळवून घेतलं. वीस बोल्ट काढले, समोरासमोरच्या कोपऱ्यातले उरलेले दोन बोल्ट चार-चार आट्यांवर अडकवून ठेवले, नाहीतर सगळं छातीवर. पॅकिंगने घट्ट धरलं होतं. पातळ पातं घालून, लाकडाने ठोकत, कडेकडेने तासभर. आणि मग 'च्वक्' करून सुटलं.

ते पॅकिंग मी उन्हात धरून पाहिलं. आख्खं, कुठे चीर नाही. काकांच्या हातचं.

चेंबरच्या तळाशी बोटभर काळा चिखल. बोटांत घेऊन चोळला. मऊ. एक कण टोचला नाही. मग एकेक बेअरिंग उघडलं. चारही राखाडी, गुळगुळीत, नव्यासारखी. आठवडाभर चाललेली.

एक बेअरिंग खिशात टाकून तसाच, काळ्या हातांनी, पळत लॅबवर. रांगेतली माणसं बाजूला झाली, त्यांना वाटलं अपघात झालाय. तिला जिन्यात ओढलं. "बघ! डाग नाही! काकांनी काहीच केलं नव्हतं! इंजिन ठणठणीत होतं!"

तिने ते हातात घेतलं, नखाने आतून चाचपलं. मिस्त्रीची मुलगी. तिचा चेहरा उजळेल म्हणून मी बघत होतो.

"मग गाडी थांबली कशी?" ती म्हणाली.

"थांबली असेल. पेट्रोल संपलं असेल. वायर सुटली असेल. ते आपलं काम नाही."

"खाली बस."

"बसायला वेळ नाही, मला काकांना..."

"अरे, बस ना जरा." डोळे भरलेले. आनंदाने, असं मला वाटलं. तेवढ्यात आतून तिला हाक आली.

पेट्रोल संपलं असेल तर गाडी दोन-चार आचके देते. माणूस दार उघडून उतरतो. बाबांचा पाय चांगला होता. मालगाडी लांबून दिसते तिथे, सरळ रूळ आहेत.

वायर सुटली असेल.

२१ तारीख, शनिवार

काका सकाळीच आले, लेकीने घरी सांगितलं असणार. मी विचारलं नाही, ते बोलले.

त्या दिवशी सकाळी बाबा त्यांच्याकडे गेले होते. "फार छान बांधलंस रे इंजिन," म्हणाले. एवढंच सांगायला गेले होते. दुपारी बातमी कळल्यावर रुळांवर सगळ्यांच्या आधी पोचले ते काका. गाडीचं पुढचं अर्धं खड्ड्यात तिरकं पडलं होतं.

"गिअर न्यूट्रलमध्ये होता," काका म्हणाले. "आणि शेजारचा हँडब्रेक ओढलेला. वरपर्यंत. मी सोडला. पोलीस नंतर आले. तुझी आई धावत येताना दिसली. मला काही सुचेना. काहीतरी सांगायला तर हवंच होतं. इंजिनातलं मला माहीत, म्हणून इंजिनाचं सांगितलं."

मी त्यांची कॉलर धरली. का धरली? माणूस माझ्या बापाच्या वयाचा. खोटं, खोटं, असं ओरडत होतो. त्यांनी सोडवून घेतली नाही. हात दुखायला लागले तेव्हा मीच सोडली. मग गाडीखाली जाऊन पडलो. त्या अर्ध्या गाडीखाली माझ्याइतकीच जागा आहे. काका बाहेर बसून राहिले. त्यांच्या पायांची बोटं तेवढी दिसत होती.

"का?" मी खालूनच विचारलं.

"मी अकरा वर्षं तेच विचारतोय. शेवटी शेवटी शांत शांत असायचा. मला वाटलं गाडीची काळजी आहे."

बाहेर आलो तेव्हा त्यांनी फडक्यातून एक बेअरिंग काढलं. दुसऱ्याच कुठल्यातरी इंजिनाचं. जळून काळंनिळं, कडेने वितळलेलं.

"उद्या वहिनीला हे दाखव."

"मी खोटं बोलणार नाही."

"तू कुठे बोलतोस? तू नुसतं हातात दे."

"आणि तुम्ही? काका, मी हे सगळं तुमच्यासाठी... आणि ती? तिचं काय?"

"माझ्या अंगवळणी पडलंय. तिचं मी बघतो," ते म्हणाले. जाताना चेंबरकडे वळून पाहिलं. "पॅकिंग न फाडता काढलंस. शाब्बास."

२२ तारीख, रविवार

आई आली. चहाचा कप तसाच हातात घेऊन आली आणि विसरली. दादा तिच्या मागे.

माझ्या उजव्या खिशात चांगलं बेअरिंग होतं, डाव्यात काळं. मी ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. आई म्हणाली, "काय निघालं रे बाळा?" आणि तिच्या कपातला चहा बशीत सांडत होता. डावा हात पुढे गेला.

तिने ते तळहातावर घेतलं. "हे काळं कशानं?"

"ऑइल नसलं की जळतं."

"मग गाडी थांबतेच?"

"थांबतेच."

"आतल्या माणसाने काहीही केलं तरी?"

"काहीही केलं तरी."

"म्हणजे त्यांच्या हातात काहीच नव्हतं."

"नाही आई."

ती हत्यारांच्या पेटीवर बसली आणि रडली. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. बाबा गेले तेव्हा ती रडली नव्हती, सगळे तेच बोलायचे.

मला वाटलं दादा आता 'मी म्हटलं नव्हतं?' करणार. तो ऑइलच्या भरलेल्या डब्याकडे बघत होता. मग त्याने पायाने तो डबा हळूच ताडपत्रीखाली सरकवला आणि आईला उठवलं. पसारा आवडत नाही त्याला.

बेअरिंग आईने नेलं.

२७ तारीख, शुक्रवार

चेंबर परत लावलं. बावीसच्या बावीस बोल्ट, पुसून. पॅकिंग तेच. उद्या भंगारात जायचंय हे माहीत आहे. उघडं पाठवायचं नव्हतं.

हँडब्रेकला हात लावला नाही.

२८ तारीख, शनिवार

नेली. चौघांनी उचलली. दादा दुसरीकडे बघत होता.

दोनसुती फोन उचलत नाही.

३ तारीख, गुरुवार

आई आज सकाळी आठ वाजले तरी उठली नाही. घाबरून आत गेलो, तर घोरत होती. माझी आई घोरते हे मला माहीतच नव्हतं. नेहमी पाचला जागी असते, म्हणजे झोपतच नसणार.

उठल्यावर माझ्यासमोर बसली. "एवढी वर्षं मला वाटायचं..." म्हणाली आणि थांबली. टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मिस्त्रींची चूक झाली. मुद्दाम थोडीच केली. माणूस चुकतो. आणि मुलीचा त्यात काय दोष? आण तिला घरी."

मी काय बोललो आठवत नाही. आईने माझ्या डोक्यावर हात फिरवला. "अरे, हस ना. हेच हवं होतं ना तुला?"

४ तारीख, शुक्रवार

लॅबच्या जिन्यात. सगळं शब्दशः लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मी माझ्या सोयीचं आठवेन.

मी म्हटलं, "आई म्हणाली, आण तिला."

"ऐकलं. आमच्याकडे निरोप आला. बाबांना माफ केलंय म्हणे."

"हो! राग गेला तिचा. सगळा."

"कशाबद्दल माफ केलंय?"

मी कठड्यावरचा रंग नखाने खरवडला.

"मी तुझ्या घरी येणार. तुझी आई चांगली आहे, ती मला प्रेमाने वागवणार. आणि दर वेळी कप हातात देताना मनात म्हणणार, झालं गेलं, पोरीचा काय दोष. आणि मी तो माफीचा चहा पिणार. जन्मभर."

"काकांनीच दिलं मला ते बेअरिंग."

"त्यांनी दिलं. तू घेतलंस."

"मग काय करायचं होतं मी? आईला सांगायचं होतं? सांग ना!" माझा आवाज चढला. वरून कुणीतरी डोकावलं.

तिने खरंच विचार केला. "नाही," म्हणाली. "सांगायचं नव्हतंच. तुझ्या जागी मीही तेच दिलं असतं. म्हणून तर काही उरलं नाही." मग बोटांवरचा चिकटपट्टीचा तुकडा काढत म्हणाली, "अकरा वर्षं मला वाटत होतं की बाबा चुकले. मान खाली घालून चालायचे मी, ते जमत होतं. चुकलेल्या माणसाची मुलगी म्हणून तुझ्या आईसमोर उभी राहिलेही असते. आता मला माहीत आहे. आता नाही जमणार."

"मी तुझ्यासाठीच उघडलं ते."

"माहीत आहे रे," ती म्हणाली. हे ती इतक्या मायेने म्हणाली की मला वाटलं, अजून काहीतरी होऊ शकतं. "जा आता. लोक थांबलेत."

मी खाली येईपर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता. "मूठ मिटा. हं. आता सोडा."

९ तारीख, बुधवार

माफीचं पत्र लिहिलं. कॉलेजला. चार ओळी. पाठवेन बहुतेक.

आईने ते काळं बेअरिंग घासून बाबांच्या फोटोपाशी ठेवलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. काल शेजारीण आली, तिलाही हातात दिलं. "बघा, एवढ्याशा तुकड्याने झालं सगळं. त्यांचा काही इलाज नव्हता." दादा आतल्या खोलीत गेला. मी तिथेच बसून होतो, मान हलवली.

१३ तारीख, रविवार

आईने आज पुन्हा विचारलं, "कधी आणतोयस तिला?"

म्हटलं, कामात आहे.

"रविवारीसुद्धा?"

"रविवारी जास्त गर्दी असते."

"बरं, पुढच्या रविवारी बघ," म्हणाली, आणि कपाटातून चांगले कप काढून धुवायला घेतले. चार काढले होते. मग काहीतरी आठवून पाचवा काढला. "मिस्त्रींनाही बोलव," म्हणाली. "मी मनात काही ठेवलेलं नाही, असं सांग त्यांना."

मी म्हटलं, सांगतो.